बोलून मोकळे होणारे आणि ऐकत बसणारे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी मध्यंतरी फतवा काढला : कामाच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायची नाही. सांगायचं ते लिहा, नाहीतर सरळ फोन करा. एवढ्याशा गोष्टीवरून सुरू झालेला वाद उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यांपर्यंत पोचला आणि तिथं पोचल्यावर कुठल्याही वादाचं होतं तेच त्याचं झालं, दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, आजकालच्या पोरांना माणसाशी बोलायचीच धास्ती वाटते, म्हणून त्यांना कुणाचा आवाज नको. दुसरी बाजू म्हणते, जुन्या लोकांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते दिवसभर फोन तोंडासमोर धरून बोलत सुटतात. थोडक्यात, भांडण वयाचं ठरलं. मला हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. विशीतली पोरं एकमेकांना व्हॉइस नोट टाकत नाहीत का? रात्रभर टाकतात. साठीतले हिशेबनीस चार ओळींत स्वच्छ लिहून कळवत नाहीत का? त्यांच्याइतकं नेटकं कुणीच लिहीत नाही. प्रश्न हुद्द्याचा आहे. माझं म्हणणं असं : कामाचा हुकूम जो देतो त्यानं तो लिहूनच द्यावा. व्हॉइस नोटवर हुकूम सोडणं म्हणजे आपली दोन मिनिटं वाचवून ती हाताखालच्या माणसाच्या नावे टाकणं. उलट दिशेला, म्हणजे खालून वर काही कळवायचं असेल, तर बोलून पाठवायला पूर्ण मुभा हवी. सरसकट बंदी घालणारे मालक आणि सरसकट बाजू घेणारे लोक, दोघांनाही ही दिशा दिसलेली नाही.

आधी वस्तू जवळून बघू. शॉप सुपरवायझरला सकाळी साहेबांची नोट येते ती साधारण अशी : "मिस्त्री... हां, ऐका. ते काल आपलं बोलणं झालं न्हवतं का, पुण्याच्या पार्टीचं... एक मिनिट हां... ए, गाडी बाजूला घे की जरा... हां, तर त्याचा बोअर त्यांनी बदललाय, आता पंचवीस पॉइंट शून्य पाच धरायचा. आणि ते दुसरं हाउसिंग, ते दोनशेवीसमध्ये करू नका, दोनशेसाठच करा... का थांबा, मी विचारून सांगतो. बाकी आज डिस्पॅच गेलाच पाहिजे." आता ही नोट मिस्त्रींनी कुठं ऐकायची? फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या, शेडमध्ये ग्राइंडर चालू असतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, ती काही तिथल्या शांततेमुळं नव्हे. म्हणून हातमोजे काढायचे, बाहेर यायचं, फोन कानाला लावायचा, 'शून्य' होतं की नव्हतं म्हणून मागं जाऊन पुन्हा ऐकायचं. बोअर म्हणजे भोकाचा व्यास. २५.०५ आणि २५.५ यांत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, आणि अर्ध्या मिलिमीटरनं वाढलेला बोअर हा बोअर नसतो, भंगार असतं. एफजी २२० की एफजी २६० हा प्रश्न तर त्याहून मोठा. तो आकडा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ताकदीचा आहे, आणि भट्टीतलं बीड एकदा साच्यात ओतलं की ओतलं. पण या नोटेतला सगळ्यात बोलका भाग आकड्यांचा नाहीच. 'का थांबा, मी विचारून सांगतो' हा आहे. साहेब लिहायला बसले असते तर दुसऱ्या वाक्यालाच त्यांच्या ध्यानात आलं असतं की आपलंच अजून ठरलेलं नाही. त्यांनी ते खोडलं असतं, पुण्याला फोन लावला असता आणि मग एक ओळ पाठवली असती. बोलताना खोडायची सोय नसते, म्हणून त्यांचं अर्धवट ठरलेलं मन जसंच्या तसं मिस्त्रींच्या फोनवर येऊन पडतं.

हा त्रास नवा नाही, फक्त आपल्याला नवा आहे. गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकन उद्योजकाच्या व्हॉइसमेल यंत्रणेला १९८३ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढची वीसेक वर्षं तिकडच्या कचेऱ्यांत टेबलावरच्या फोनचा लाल दिवा लुकलुकत राहिला. आधी पासवर्ड दाबा, मग एक दाबा, मग समोरच्याचं लांबलचक प्रास्ताविक ऐका, आणि ज्यासाठी हे सगळं करायचं तो फोन नंबर तो माणूस शेवटी एका दमात बोलून टाकणार. मग पुन्हा पहिल्यापासून. २०१४ च्या अखेरीस कोका-कोलानं अटलांटाच्या मुख्यालयातली व्हॉइसमेल बंद करून टाकली. पुढच्याच वर्षी जेपीमॉर्गन चेस बँकेनं, ज्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे फोन घ्यावे लागत नाहीत त्यांच्यासाठी ती काढून टाकायला सुरुवात केली. म्हणजे ज्यांनी हे खूळ काढलं, ते तीस वर्षांत त्याला कंटाळले. आपण त्या वाटेनं गेलोच नाही. मोबाइल आला तेव्हा त्यातही व्हॉइसमेलची सोय होती, पण ती कोण वापरणार? २००३ पर्यंत आपल्याकडं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, तेव्हा आपण मिस्ड कॉल शोधून काढला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे खाली ये. दोघांनाही फुकट आणि ऐकायला काहीच नाही.

त्याही आधी पी.पी. नंबर होता. लेटरहेडवर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढं कंसात पी.पी. त्या शेजाऱ्याला निरोप देताना पाल्हाळ लावायची कुणाची छाती नव्हती. तो विचारायचा : नाव काय, कुठनं बोलताय, काय सांगू? तीन प्रश्नांत निरोप आटोपशीर व्हायचा आणि कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं टिपला जायचा. व्हॉइस नोटमध्ये हा विचारणारा माणूसच नाहीसा झालाय. व्हॉट्सॲपनं ही सोय २०१३ मध्ये आणली आणि २०२२ मध्ये त्याच कंपनीनं सांगितलं की रोज ७०० कोटी व्हॉइस मेसेज जातात. अमेरिकेनं जे टाकून दिलं ते आपण नव्या वेष्टनात मोठ्या हौसेनं उचललं, शिवाय एक भर घालून : ऐकलं की माइकचं चिन्ह निळं होतं, म्हणजे 'अजून ऐकलं नाही साहेब' ही सबबही गेली.

टपालाच्या इतिहासात याला सरळ जोड सापडते. इंग्लंडमध्ये १८४० च्या पेनी टपालाआधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याला भरावे लागत. लिहिणाऱ्यानं हवं तेवढं लिहावं आणि दारात आलेल्या पोस्टमनपुढं घेणाऱ्यानं कनवटीला हात घालावा. रोलंड हिलनं ही रीत उलटी केली : जो पाठवतो त्यानं आधी तिकीट लावावं. आपल्याकडं १८५४ पासून देशभर तिकिटं आली, आणि तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट आकार पडू लागला. ती नॉटपेड पत्रं कुणाकुणाच्या आजोबांनी पैसे भरून सोडवून घेतलीही असतील, पण पाठवणाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय नव्हे. तारेला तर शब्दागणिक पैसे. २०१३ च्या जुलैत तारखातं बंद होईपर्यंत माणसं एक-एक शब्द तोलून लिहीत होती, कारण खर्च त्यांच्या खिशातून जायचा. आज पैशाचा खर्च उरलेला नाही, वेळेचा उरलाय, आणि व्हॉइस नोटनं तो पुन्हा घेणाऱ्याच्या गळ्यात घातलाय. पस्तीस माणसांच्या ग्रुपवर दोन मिनिटांची नोट टाकली की सत्तर मिनिटं गेली. त्यातल्या तीसजणांचा त्या नोटेशी काही संबंध नसतो, पण संबंध नाही हे पूर्ण ऐकल्याशिवाय त्यांना कळणार कसं? लिहिलेल्या मजकुरावरून नजर फिरवता येते. आवाजावरून कान कसा फिरवायचा?

आता हुद्द्याकडं येतो. कुठल्याही ऑफिसात बघा, बँक असो, पतसंस्था असो, दूध संघाचं संकलन केंद्र असो की शाळा. शिपायानं साहेबांना तीन मिनिटांची व्हॉइस नोट टाकलेली कुणी बघितली आहे? रजा हवी असेल तर तो अर्ज लिहितो, निदान 'सर, आज येऊ शकत नाही, ताप आहे' एवढं टाइप करतो, चुकतमाकत का होईना. साहेबांचा वेळ मोलाचा आहे हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेच साहेब मात्र गाडी चालवता चालवता, जेवता जेवता, कधी दात घासता घासतासुद्धा हुकूम रेकॉर्ड करतात. हे उर्मटपणानं करतात असं मी म्हणत नाही, बहुतेकांच्या मनातही तसं नसतं. पण कुणाचा वेळ स्वस्त धरायचा हे इथं न बोलता ठरून गेलंय, आणि हे 'पोरं फोनला घाबरतात' असल्या बाता मारून झाकलं जातंय.

समोरच्यांच्या म्हणण्यात दम आहे, तो मी नाकारत नाही. पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार : सगळ्यांना लिहिता-वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनाही मोबाइलच्या इवल्याशा कीबोर्डवर मराठी जोडाक्षरं काढणं म्हणजे शिक्षा वाटते. मोल्डिंगवर काम करणाऱ्या कितीतरी कामगारांची मराठी ही शिकलेली भाषाही नाही, ते बिहार-ओडिशातून आलेले आहेत. हातांना तेल आणि काळी वाळू लागलेली असते. ट्रकचालकानं घाटात टाइप करू नये हे तर उघडच आहे. हे सगळं खरं आहे, म्हणूनच खालून वर बोलून पाठवायची मुभा हवी असं मी म्हणतो. 'साहेब, दोन नंबरची भट्टी ट्रिप झालीया' हे कामगारानं बोलून कळवलं तर त्यात बिघडलं काय? ती सात सेकंदांची नोट साहेबांनी ऐकावी, त्यांना केबिन आहे, केबिनला दार आहे. पण हाच मुद्दा साहेबांच्या व्हॉइस नोटच्या समर्थनार्थ वापरला जातो तेव्हा मला हसू येतं. निरक्षर कामगाराच्या नावानं पदवीधर मालकाचा आळस खपवायचा? ज्याला वाचता येत नाही त्याला समोर बोलावून किंवा फोनवर सांगावं, समजलं का म्हणून विचारावं, आणि आकडा फळ्यावर लिहावा. फळ्यावरचा २५.०५ ओडिशाच्या माणसालाही वाचता येतो.

दुसरा मुद्दा जिव्हाळ्याचा. लिहिलेला मजकूर कोरडा, आवाजात माणूस कळतो. कोल्हापुरी माणसाचं तर अर्धं बोलणं सुरातच असतं. 'काय लगा' हे रागानं म्हटलंय की लाडानं, हे कागदावर कुठलं कळणार? कबूल. पण जिव्हाळाच दाखवायचा तर फोन आहे की! फोनवर समोरचा मध्येच थांबवून विचारू शकतो, हसू शकतो, 'न्हाई जमणार साहेब' म्हणू शकतो. व्हॉइस नोटला हे काहीच नाही. फोनचा गुण म्हणजे उलट विचारता येतं, कागदाचा गुण म्हणजे पुन्हा बघता येतं. हिच्यात दोन्हींतला एकही नाही.

तिसरं म्हणणं मला कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांकडून ऐकायला मिळालं, आणि ते सहज उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्या मते लिहिणं हे कायम मालकाचं हत्यार राहिलंय. मेमो, खुलासा, शेरा, सगळं लेखी. आणि लेखी आलं की गरीब माणूस अडकतो. तोंडी कारभारात निदान सांभाळून घ्यायला जागा असते. जागा असते खरी, पण कुणाला? माल रिजेक्ट होऊन परत येतो तेव्हा 'मी दोनशेसाठच म्हटलं होतं' असं म्हणायची जागा साहेबांना असते. नोट शोधायची म्हटली तर महिन्याभराच्या शेकडो नोटांतून एक-एक वाजवून बघावी लागणार, आणि लिहिलेला शब्द शोधायला फोनला क्षण लागतो. पुरावा म्हणून कायद्याला दोन्ही सारखेच. भारतीय साक्ष अधिनियमाखाली रेकॉर्ड केलेला आवाजही इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजच ठरतो. पण पुरावा असणं वेगळं आणि तो सुपरवायझरला शिफ्ट संपायच्या आत सापडणं वेगळं. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या आपल्या फाउंड्र्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्तेच्या मानकाचं प्रमाणपत्र अभिमानानं दर्शनी भिंतीवर लावतात. त्या प्रमाणपत्राचा जीवच मुळी लेखी नोंदीत आहे : कुठल्या हीटचं (भट्टीच्या खेपेचं) बीड, ड्रॉइंगची कितवी सुधारित प्रत, बदल कुणी मंजूर केला. ऑडिटर आला की फायली निघतात. तो गेला की पुन्हा 'मिस्त्री, ऐका...'

आणि लेखी हुकूम नेहमी गरिबाच्या विरुद्धच जातो, हे कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. २६ जुलै १९०२ चा राजर्षी शाहू महाराजांचा नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा जाहीरनामा करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापून आला. महाराज स्वतः त्या वेळी इंग्लंडला गेलेले होते. त्या हुकुमाची घडण बघा. किती? रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा पन्नास. कुणासाठी? मागासलेल्या वर्गांसाठी, आणि मागासलेले म्हणजे कोण हेही तिथंच सांगितलेलं. कधीपासून? हुकूम मिळाल्यापासून. पाळला जातोय हे कळणार कसं? खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तक्ता पाठवायचा. चारही प्रश्नांची उत्तरं थोडक्या ओळींत आहेत, आणि पळवाट शोधणाऱ्या तेव्हाच्या अंमलदारांना नेमकी हीच गोष्ट जड गेली असणार. महाराजांनी निघताना दिवाणांना 'आपल्या मागं पडलेल्या लोकांकडं जरा बघत जावा' एवढंच तोंडी सांगितलं असतं, तर त्या सदिच्छेचं पुढं काय झालं असतं? त्याच्याही मागं गेलं तर शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब उमटवत. मजकूर इथं संपला, याच्या पुढं कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे. आजच्या दोन मिनिटांच्या नोटेला अशी मर्यादा कुणी घालायची?

ही चर्चा कारखान्यापुरती आहे असं वाटत असेल तर पावसाळा आठवा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी गाठतं, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला ते ५५ फुटांच्याही वर गेलं. त्या दिवसांत प्रशासनाचं पत्रक येतं : वेळ, फूट आणि इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे, राधानगरी धरणाचे कितवे दरवाजे उघडले, विसर्ग किती. चार ओळी. त्यावरून चिखली-आंबेवाडीचा शेतकरी जनावरं आत्ता सोडायची की सकाळी, हे ठरवतो. त्याच वेळी त्याच फोनवर दुसरीकडून व्हॉइस नोट येते : "भावांनो, राधानगरीचं पाणी सोडलंय, दोन तासांत येतंय, सगळ्यांनी गाव सोडा." कोण बोलतोय? माहीत नाही. कुठल्या दिवशीचं? आवाजाला तारीख नसते. मागच्या पुरातली नोट या पुरातही तेवढीच ताजी वाटते, कारण घाबरलेला आवाज कधी शिळा होत नाही. शिवाय राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जातं. 'सोडलंय' म्हणणाऱ्याला एवढंही माहीत नसतं, पण आवाजातली थरथर आकड्यावर मात करते. तलाठी आणि ग्रामसेवकांच्या ग्रुपवर वरिष्ठांनीच घाईघाईनं व्हॉइस नोटमधून सूचना दिल्या, तर खरी नोट आणि अफवेची नोट यांत गावकऱ्यानं फरक कसा करायचा? दोन्ही ऐकायला सारख्याच. खरी पुढं ढकलली गेली की तिच्यावरचं नावही गळून पडतं.

गंमत अशी की तोंडी व्यवहाराला सगळ्यात जास्त मान देणारी माणसंच लिहिण्याबाबत सगळ्यात कडक असतात. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा तोंडानंच होतो, चारचौघांत, मोठ्यानं. पण भाव ठरला की तो लागलीच कागदावर चढतो, आणि शेतकरी घरी जाताना हातात हिशेबाची पट्टी घेऊन जातो. साखर कारखान्यात उसाचं वजन काटा-पावतीवर हवं. 'मामा, तुमचा ऊस अठरा टन भरला बघा' असं कुणी व्हॉइस नोटवर कळवलं तर गावात काय होईल ते सांगायला नको.

राहता राहिलं तंत्रज्ञान. वाद अंगावर आला की कुणीतरी म्हणतंच, आता दीडपट-दुप्पट वेगानं ऐकता येतं, आता आवाजाचा मजकूरही करून मिळतो. वेग वाढवायची सोय २०२१ मध्ये आली, आणि ती आणावी लागली यातच सगळं आलं. दुप्पट वेगानं 'शून्य पाच' ऐकून बघा. मजकूर करून घेणाऱ्या यंत्राबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ते चुकणारच : निम्मे शब्द इंग्रजी, निम्मे गावाकडचे, मध्येच गाडीचा हॉर्न. पण चूक दुरुस्त कुणी करायची? नोट मिस्त्रींकडं पोचल्यावर तिचा मजकूर झाला, तर साहेबांच्या मनात २२० होतं की २६० हे मिस्त्रींनी ओळखायचं. हेच यंत्र साहेबांच्या हातात दिलं तर? मराठीत बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ मध्येच दिली आहे. साहेबांनी हवं तेवढं बोलावं, गाडी बाजूला घेऊन. शब्द त्यांच्याच पडद्यावर उमटतील. ते एकदा वाचावं, हॉर्नवाल्याला दिलेली शिवी खोडावी, आकडे तपासावेत आणि मग पाठवावं. यंत्र तेच, मेहनतही तेवढीच, फक्त चुका निस्तरायचं काम ज्याला खरं काय ते माहीत आहे त्याच्याकडं जातं. यावर एका कारखानदार मित्रानं मला विचारलं, 'अहो, पण वाचून बघायला वेळ कुणाला आहे?' त्यांच्या ग्रुपवर बेचाळीस माणसं आहेत.